फॉर्म भरला, पण नोंद झाली का?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात शिळफाटा येथे दिलेले भाषण. स्मरणिकेसाठी वक्त्याने स्वतः लिहून दिलेला मजकूर.)



आपल्या मंडळाची वेबसाइट नव्याने करावयाचे ठरले आहे. त्या वेबसाइटवर येणाऱ्या कोणाही माणसाला आपली माहिती स्वतः भरता यावी, आणि ती माहिती तेथेच जतन होऊन योग्य त्या पानावर दिसावी, असा एक ठराव कार्यकारिणीपुढे आहे. त्यावर मी चार शब्द बोलावेत असे चिटणीसांनी सुचविले तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी इतिहास विषय घेऊन बी. ए. झालेला माणूस. संगणकशास्त्राचा एक धडाही मी शिकलेलो नाही. परंतु नंतर विचार केला की, लोकांनी भरलेले फॉर्म खिडकीतून आत घेणे, ते तपासणे आणि त्यांची नोंद करणे हेच काम मी बँकेत वीस वर्षे करीत आलो आहे. यंत्र बदलले असेल, काम तेच आहे. शिवाय या विषयात माझ्या हातून एक मोठी चूक झालेली आहे. ती सांगितल्यावाचून मला पुढे बोलण्याचा अधिकार नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. दहावी-बारावीच्या गुणवंत मुलामुलींचा सत्कार आपण दरवर्षी करतो. पूर्वी आपले कार्यकर्ते छापील फॉर्म घेऊन वस्तीवस्तीत जात असत. त्या वर्षी आपण प्रथमच वेबसाइटवर फॉर्म ठेवला. नाव, गाव, शाळा, टक्केवारी, मोबाइल नंबर एवढे भरावयाचे आणि खालचे बटण दाबावयाचे. बटण दाबले की अक्षरे येत, 'धन्यवाद, आपला अर्ज मिळाला.' हा फॉर्म भरल्यावर पुढे काय होत होते, हे आम्ही कोणी विचारले नव्हते. भरलेली माहिती एका ईमेल पत्त्यावर पाठविली जात होती, एवढेच. ती दुसरीकडे कोठेही साठत नव्हती. आणि ती ईमेलची पेटी पाहण्याचे काम माझ्याकडे होते.

जे अर्ज मला दिसले त्यांची मी यादी केली. काही अर्ज मात्र नको असलेल्या जाहिरातींच्या कप्प्यात आपोआप जाऊन पडत होते. तो कप्पा ठरावीक दिवसांनी आपोआप रिकामा होतो. मला ते कळले तेव्हा तो रिकामा झालेला होता. किती अर्ज गेले हे मी आज सांगू शकत नाही, कारण मोजायलाच काही उरले नाही.

सत्कार समारंभ झाल्यावर आठ-दहा दिवसांनी एक ताई बँकेत माझ्या खिडकीशी आल्या. पैसे काढावयाचे नव्हते. त्या म्हणाल्या, "भाऊ, पोरीचा फॉर्म भरला होता आम्ही. बोलावणं नाही आलं."

मी म्हणालो, "ताई, तुमचा फॉर्म आमच्याकडे आलाच नाही."

त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला आणि खिडकीतून आत सरकवला. मुलीने त्या वेळी स्क्रीनचा फोटो काढून ठेवला होता. वर आपल्या मंडळाचे नाव आणि खाली तीच अक्षरे. "मग हे काय आहे, भाऊ?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही पदाधिकारी नंतर त्यांच्या घरी गेलो, मुलीला पुस्तके आणि प्रशस्तिपत्र दिले. तिने आमच्या पाया पडायला नकार दिला नाही की रागही दाखवला नाही. पण त्या वर्षीची स्मरणिका तोपर्यंत छापून झाली होती. गुणवंतांच्या यादीत तिचे नाव नाही, आणि त्या अंकात ते आता कधीही येणार नाही.

मित्रहो, त्या रात्री मला झोप लागली नाही. बँकेत आम्ही एखाद्याची पे-इन-स्लिप घेतली, अर्ध्या भागावर शिक्का मारून सही करून त्याला परत दिला, आणि त्या रकमेची नोंदच कोठे केली नाही, तर काय होईल? चौकशी होईल, नोकरी जाईल. शिक्का म्हणजे बँकेने दिलेला शब्द असतो. आपल्या वेबसाइटने 'अर्ज मिळाला' असा शिक्का मारला होता आणि आत वहीच नव्हती. आपण कोणाला फसविण्याचा हेतू धरला नव्हता हे खरे. पण त्या मुलीच्या दृष्टीने फरक काय पडला?

येथे मला जरा मागे जावेसे वाटते. आपल्या भागातील माणसाला नोंदीची किंमत नव्याने सांगावी लागत नाही. ती आपल्या घराण्यांनी मोजलेली आहे.

माझे आजोबा कर्जत तालुक्यातील एका गावात दुसऱ्याच्या खाचरात भात लावीत. नांगरणी त्यांची, लावणी आजीची, झोडणी दोघांची. जमिनीच्या उताऱ्याचे दोन भाग असतात. गाव नमुना सात हा हक्काचा, आणि गाव नमुना बारा हा पिकाचा. या बारा नंबरात त्या वर्षी जमिनीत काय पिकले हे लिहिले जाई, आणि त्या जागी प्रत्यक्ष कसणाराचे नाव येणे किंवा न येणे यावर पुढे पिढ्यांचे भवितव्य ठरले. १९४८ च्या कूळकायद्यात नंतर दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो जमीन कसत होता तो कायद्याने तिचा मालक मानला जावयाचा होता. आमच्या घरी सांगतात की, कोणीतरी शहाण्या माणसाने आजोबांना उतारा काढून वाचून दाखवला. त्यात एकाही वर्षाला त्यांचे नाव नव्हते. खंडाची पावतीही कधी मिळाली नव्हती. मी कोणावर आरोप करीत नाही. लिहिणाराने मुद्दाम गाळले की कोणी त्याला सांगितलेच नाही, हे आज ठरविता येणार नाही. एवढे मात्र खरे की, वही एका बाजूला होती, कसणारा दुसऱ्या बाजूला होता, आणि वहीत काय लिहिले हे त्याला दिसत नव्हते.

ही एका घराची कथा नव्हती. आपला रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा जिल्हा होता. या जिल्ह्यात अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी होते, आणि तो संप १९३९ पर्यंत चालला. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती संपली. जमीन कसणाऱ्याला हक्क हवा होता, आणि तो हक्क टिकण्यासाठी कागदावर नाव हवे होते. या दोन्ही मागण्या एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

आता आजचे पाहू. ज्या बारा नंबरात माझ्या आजोबांचे नाव आले नाही, त्याच बारा नंबरात आज शेतकरी स्वतःच्या हाताने नोंद करतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. खातेदार आपल्या शेतात उभा राहतो, मोबाइलवर गट क्रमांक, पिकाचे नाव, क्षेत्र भरतो, उभ्या पिकाचा फोटो काढतो आणि पाठवतो. ती नोंद गाव नमुना बारामध्ये जाते. फॉर्म भरणारा बाहेरचा माणूस आणि त्याने भरलेला मजकूर थेट सरकारी अभिलेखात, असा हा प्रकार आहे. आपल्या वेबसाइटपुढे जो प्रश्न आहे तोच येथे कितीतरी मोठ्या प्रमाणावर हाताळला गेला आहे. म्हणून त्यांनी काय व्यवस्था केली हे आपण नीट पाहिले पाहिजे.

१ ऑगस्ट २०२२ पासून या व्यवस्थेची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात शेतकऱ्याने केलेली नोंद ही त्याची स्वयंघोषणा म्हणून धरण्यात आली. प्रत्येक नोंद अडवून ठेवावयाची नाही. त्यांपैकी १० टक्के नोंदी तलाठ्याने तपासावयाच्या. भरताना चूक झाली तर ४८ तासांत स्वतःच एकदा दुरुस्त करता येईल. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे, गावातील पीक पाहणी कोणालाही पाहता येईल. म्हणजे शेजाऱ्याचे शेजाऱ्यावर लक्ष राहील. ज्यांच्याकडे तसा मोबाइल नाही किंवा ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी पुढे गावोगाव सहायकही नेमले गेले. २०२४ पासून या ॲपमध्ये आणखी बदल झाले. परंतु कणा तोच राहिला: आधी नोंद घ्या, मग तपासा.

याच महसूल खात्याची दुसरी पद्धत अगदी उलट आहे. ती फेरफाराची. वडील वारले, वारसांची नावे लावावयाची आहेत, किंवा जमिनीवर कर्जाचा बोजा चढवावयाचा आहे, तर ती नोंद एकदम सातबारावर जात नाही. हल्ली असा अर्ज ई-हक्क प्रणालीतून घरबसल्या करता येतो. आम्हा बँकांनाही बोजाची नोंद त्यातून पाठविता येते. पण अर्ज पाठविला म्हणजे सातबारा बदलला असे होत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे हक्क मिळाल्याची वर्दी तलाठ्याला द्यावयाची, आणि तलाठ्याने त्या वर्दीची लेखी पोच ताबडतोब द्यावयाची. कलम १५० प्रमाणे नोंद आधी फेरफार नोंदवहीत जाते, चावडीवर लागते, संबंधितांना कळविले जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. हरकत आली तर तिचीही नोंद होते आणि तिचीही पोच मिळते. मग अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि त्यानंतरच सातबारा बदलतो. आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण क्रम तोच आहे.

असे का? पिकाची नोंद चुकली तर पुढच्या हंगामात सुधारता येते. वारसाची नोंद चुकली तर भावाभावांत कोर्टकज्जे होतात. चुकीची किंमत जेथे जास्त, तेथे तपास आधी. चुकीची किंमत जेथे कमी, तेथे तपास नंतर. बँकेतही हेच आहे. पासबुक भरून देणे मी एकटा करतो. पण मोठी रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात टाकावयाची असेल, तर नोंद मी करतो आणि मंजुरी अधिकारी देतो. दोघांची नावे आणि वेळ संगणकात राहते. एकाच माणसाने दोन्ही कामे करावयाची नाहीत, हा आमच्या धंद्यातील पहिला धडा आहे.

तरुण मित्रांना माहीत असलेले आणखी एक उदाहरण देतो. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. त्यात कोणीही लिहू शकतो आणि लिहिलेले लगेच दिसते. तरी ती वही टिकून आहे, कारण प्रत्येक बदलाचा इतिहास जपलेला असतो. कोणी खोडसाळपणा केला तर मागची प्रत परत आणता येते. खोडलेलेही पुसले जात नाही. आमच्या जुन्या लेजरमध्ये चुकीच्या आकड्यावर एकच रेघ मारावी, खालचा आकडा वाचता आला पाहिजे आणि बाजूला सही असली पाहिजे, असा नियम होता. तोच हा नियम आहे.

या दोन्ही पद्धतींत समान काय आहे? फेरफार असो की पीक पाहणी, माणसाने जे सांगितले ते सांगितल्या क्षणी कोठेतरी लिहिले जाते. मान्य होईल की नाही तो पुढचा प्रश्न. आपल्या साध्या कचेऱ्यांत याला आवक नोंदवही म्हणतात. टपाल आले की आधी आवक क्रमांक पडतो, तारीख पडते, मग तो कागद कोणाच्या टेबलावर जावयाचा ते ठरते. आपल्या वेबसाइटला आवक नोंदवही नव्हती. म्हणून त्या मुलीचा अर्ज हरवला.

तेव्हा नव्या वेबसाइटसाठी माझ्या काही सूचना आहेत. या मी वेबसाइट करणाऱ्या आपल्या तरुण कार्यकर्त्यांशी बसून, विचारून तयार केल्या आहेत. तांत्रिक शब्द त्यांचे, उदाहरणे माझी.

पहिली गोष्ट, आधी साठवा, मग कळवा. वेबसाइटला दोन बाजू असतात. येणाऱ्याला दिसते ती समोरची बाजू, म्हणजे बँकेची खिडकी. मागे सर्व्हरवर असते ती वही, म्हणजे डेटाबेस. बटण दाबल्यावर माहिती प्रथम वहीत लिहिली गेली पाहिजे. ती लिहिली गेल्याची खात्री झाल्यावरच 'अर्ज मिळाला' ही अक्षरे दिसावीत, आणि सोबत आवक क्रमांक दिसावा. ईमेल नंतर जाऊ द्या. न गेली तरी वही शाबूत आहे. आणि लिहिणे जमले नाही तर तसे स्पष्ट सांगा की, 'अर्ज जतन झाला नाही, पुन्हा प्रयत्न करा.' खोटा शिक्का मारू नका. डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यांत रेंज येते आणि जाते. तेथील माणूस बटण तीन वेळा दाबतो. अशा वेळी एकाच अर्जाच्या तीन नोंदी होऊ नयेत, याचीही व्यवस्था करावी लागते. त्यासाठी फॉर्म उघडताच त्याला एक टोकन द्यावे. तेच टोकन पुन्हा आले तर नवी नोंद करू नये. आमच्याकडे टोकन पितळेचे असे, तुमच्याकडे ते आकड्यांचे असेल.

दुसरी गोष्ट, तपास दोन ठिकाणी हवा. मोबाइल नंबर दहा आकडी आहे का, टक्केवारी शंभराच्या आत आहे का, हे समोरच्या बाजूला तपासले तर भरणाऱ्याची सोय होते. पण समोरचा तपास चुकवून थेट मागे माहिती पाठविणारे लोकही जगात आहेत. म्हणून तोच तपास मागच्या बाजूला पुन्हा झाला पाहिजे. खिडकीवर मी चेक पाहतो, तरी आतला अधिकारी तो पुन्हा पाहतोच. शिवाय नावाच्या रकान्यात कोणी नावाऐवजी संगणकाला दिलेल्या आज्ञा लिहू शकतो, आणि ते नाव जसेच्या तसे पानावर दाखविले तर त्या आज्ञा वाचणाऱ्याच्या मोबाइलवर चालू लागतात. चेकवर अक्षरी रकमेपुढे जागा मोकळी सोडली तर कोणीही शब्द घुसवतो, म्हणून आपण 'फक्त' लिहून रेघ ओढतो. येथेही ती रेघ ओढावी लागते. आलेला मजकूर हा केवळ मजकूर म्हणूनच दाखवावयाचा, आज्ञा म्हणून नव्हे.

तिसरी गोष्ट रकान्यांची. ही किरकोळ वाटेल, पण आपल्या भागात ती नाही. आपण आज शिळफाट्यावर जमलो आहोत. हा खोपोलीचा शिळफाटा. ठाण्याकडे मुंब्र्याजवळ दुसरा शिळफाटा आहे, आणि बाहेरच्या माणसाला तोच जास्त माहीत आहे. आपले कर्जत रायगडात. दुसरे कर्जत अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात. नुसते 'कर्जत' लिहून आलेला अर्ज कोणाचा समजावयाचा? म्हणून जिल्हा आणि तालुका यादीतून निवडावयास द्यावा, पिनकोड घ्यावा. गाव-वाडीचे नाव मात्र माणसाला स्वतः लिहू द्यावे. यादी करणाऱ्याला सगळ्या वाड्या ठाऊक नसतात, आणि यादीत आपली वाडी नसली की माणसाला वाटते आपण या फॉर्ममध्येच नाही. फॉर्म मराठीत असावा, हे वेगळे सांगावयास नको.

चौथी गोष्ट, सर्वच माहिती सर्वांना दाखवावयाची नसते. २०२३ साली व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आहे. कायदा नसता तरी शहाणपणाची गोष्ट हीच होती. सत्काराच्या यादीत मुलीचे नाव आणि शाळा दिसावी. तिचा मोबाइल नंबर आणि घरचा पत्ता दिसता कामा नये. काय दिसणार आणि काय दिसणार नाही हे भरण्याआधीच लिहिलेले असावे, आणि तिने किंवा तिच्या पालकांनी त्यावर होकाराची खूण करावी. ज्याची गरज नाही ती माहिती विचारूच नये. जी घेतली नाही ती हरवणारही नाही.

पाचवी गोष्ट मंजुरीची. ठरावावर बोलताना काही ज्येष्ठ सदस्यांनी रास्त भीती व्यक्त केली की, कोणीही काहीही लिहील आणि ते मंडळाच्या नावावर छापले जाईल. ती भीती खोटी नाही. म्हणून आलेला प्रत्येक मजकूर आधी 'प्रलंबित' राहील आणि दोन सदस्यांनी पाहिल्यावर तो पानावर येईल, ही सूचना मला मान्य आहे. वर्डप्रेससारख्या नेहमीच्या प्रणालीत अशी प्रलंबित अवस्था आधीपासूनच असते. ती वेगळी बनवावी लागत नाही. कार्यक्रमाला येणार असल्याची नोंद असेल तर ती लगेच घ्यावी. कोणा दिवंगत कार्यकर्त्याची आठवण, कोणाच्या कुटुंबाची माहिती, कोणाला मदत मिळाल्याचा उल्लेख असेल तर आधी तपासावी. म्हणजे पीक पाहणीच्या जातीचे फॉर्म एका बाजूला आणि फेरफाराच्या जातीचे दुसऱ्या बाजूला, असे आपण ठरवून घ्यावे.

पण मित्रहो, येथेच मला माझे खरे म्हणणे मांडावयाचे आहे. मंजुरी देणारा माणूस नाकारूही शकतो. वही पुन्हा एका बाजूला आणि लिहिणारा दुसऱ्या बाजूला, अशी स्थिती आपण आपल्याच घरात निर्माण करू शकतो. आम्ही समितीचे लोक चांगले आहोत, यावर विसंबून राहू नका. मीही चांगलाच होतो आणि माझ्या हातून त्या मुलीचे नाव गेले. म्हणून तपास करणाऱ्याला तपासाचा अधिकार द्या, पण गुपचूप टाकून देण्याचा अधिकार देऊ नका. अर्ज नाकारला तर कारण लिहिलेच पाहिजे, ते कारण अर्जदाराला कळलेच पाहिजे, आणि नाकारलेला अर्जही वहीत राहिलाच पाहिजे. आपला आवक क्रमांक टाकून कोणालाही आपला अर्ज कोठे आहे, कोणापाशी किती दिवस आहे, हे पाहता आले पाहिजे. पंधरा दिवसांत निर्णय झाला नाही तर तो अर्ज आपोआप अध्यक्षांपुढे यावा. महसुलाच्या कायद्याने तलाठ्यावर पोच देण्याचे बंधन घातले. आपण आपल्यावर का घालू नये?

आणि शेवटची गोष्ट, कागदाची वाट बंद करू नका. ज्यांना मोबाइल हाताळता येत नाही त्यांचा फॉर्म आपला कार्यकर्ता भरून देईल. मात्र भरून झाल्यावर तो त्यांना मोठ्याने वाचून दाखवील आणि आवक क्रमांक कागदावर लिहून त्यांच्या हातात देईल. माझ्या आजोबांना कोणीतरी उतारा वाचून दाखवला तो उशिरा. वाचून दाखविणे हे नोंदीच्या आधी व्हावयास हवे होते.

काही जण म्हणतील, एवढ्याशा मंडळाच्या वेबसाइटसाठी एवढा खटाटोप कशाला? माझे उत्तर असे की, यापुढे मोठमोठ्या नोंदी याच मार्गाने होणार आहेत. २०२७ च्या जनगणनेसाठी स्वतःच्या कुटुंबाची माहिती स्वतः भरण्याची सोय शासनाने जाहीर केली आहे. पिकाची नोंद आपण भरतोच आहोत. तेव्हा फॉर्म भरल्यावर पोच मागणे, क्रमांक जपून ठेवणे, आपली नोंद पुन्हा उघडून पाहणे, चूक असल्यास मुदतीत दुरुस्त करणे, ही सवय आपल्या मुलांना लागली पाहिजे. ती सवय लावण्याची शाळा आपली ही छोटीशी वेबसाइट होऊ शकते. जो मुलगा आपल्या मंडळाला 'माझा अर्ज कोठे आहे?' असे विचारील, तो उद्या कोणत्याही कचेरीत विचारील.

त्या ताई अजूनही बँकेत येतात. मुलगी आता कॉलेजात आहे. गेल्या महिन्यात मी त्यांना सांगितले की, आम्ही वेबसाइट पुन्हा करतो आहोत आणि या वेळी फॉर्म वहीत जाईल. त्या म्हणाल्या, "भाऊ, आधी तुमच्याच मुलीचा भरून बघा. दिसला, तर आमचा भरू."

त्यांचे म्हणणे मी मान्य केले आहे. नवी वेबसाइट सुरू होईल त्या दिवशी कार्यकारिणीतील प्रत्येकाने घरी बसून, साध्या माणसासारखा, स्वतःच्या मोबाइलवरून एक फॉर्म भरावा, आणि सात दिवसांनी आपापला आवक क्रमांक घेऊन सभेला यावे, अशी माझी विनंती आहे. ज्याचा अर्ज सापडणार नाही त्याने तो का सापडला नाही हे सभेत सर्वांसमोर विचारावे. मग वेबसाइट लोकांसाठी उघडावी.

 

जय भीम.